लुइझियाना बघायला जाताना: समुद्राकाठचं कलासंग्रहालय, त्याची इमारत आणि बाग

हुमलेबेक स्टेशनवरून दहा-बारा मिनिटं चाललं की रस्त्याकडेला वेलींनी झाकलेलं एक जुनं पांढरं घर लागतं. पहिल्यांदा मी तिथे पोचले तेव्हा क्षणभर थबकले, कारण जगभरातून लोक बघायला येतात ते संग्रहालय एवढंसं असेल असं वाटलं नव्हतं. पण डेन्मार्कमधलं आधुनिक कलेचं लुइझियाना संग्रहालय ते हेच. रस्त्यावरून भव्य असं काही दिसत नाही. सगळी इमारत या घराच्या मागे, झाडाझाडांतून, जमिनीला धरून पसरत जाते आणि थेट ओरेसुंड सामुद्रधुनीच्या कड्यापाशी थांबते. पलीकडे पाण्यावर स्वीडनचा किनारा दिसतो.

त्या पहिल्या भेटीत मी सपशेल चुकले होते. शनिवारी दुपारी तीन वाजता पोचले, हातात 'बघायच्याच' कलाकृतींची यादी, आणि संग्रहालय बंद होणार सहाला. यादी पुरी झाली. बाग मात्र काचेतूनच पाहिली, समुद्राकडे पाठ करून चित्रांच्या पाट्या वाचत राहिले, आणि परतीच्या गाडीत आठवायला गेले तर सगळं एकात एक मिसळलेलं. पुढच्या खेपेला यादी नेली नाही आणि दिवसही वेगळा निवडला. तेव्हा कुठे कळलं की ही जागा चालण्यासाठी बांधली आहे, आणि चालण्याचा क्रम नीट ठेवला तर बाकीचं बरंचसं काम इमारतच करते. पुढे लिहिते आहे तो हाच क्रम.

निघण्याआधी एवढी गोष्ट माहीत असू द्या

कलेचा इतिहास घोकून जायची अजिबात गरज नाही. या जागेची जन्मकथा मात्र आधी वाचून जा, कारण ती समजली की इमारतीतली वळणं समजतात.

१८५५ मध्ये अलेक्झांडर ब्रुन नावाच्या गृहस्थाने इथे बंगला बांधला. त्याला फळझाडांचा आणि बागकामाचा शौक होता. त्याची तीन लग्नं झाली आणि तिन्ही बायकांचं नाव लुईझ! म्हणून बंगला 'लुइझियाना'. अमेरिकेतल्या राज्याशी या नावाचा काही संबंध नाही.

पुढे शंभर वर्षांनी क्नुड येन्सन या व्यावसायिकाने ही जागा घेतली. त्यांच्या घरचा चीजचा मोठा धंदा होता. तो त्यांनी १९५६ मध्ये विकला आणि लक्ष कलेकडे वळवलं. आर्किटेक्ट म्हणून त्यांनी योर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट या दोघांना घेतलं. या दोघांनी कागदावर रेघ ओढण्याआधी कित्येक महिने ही बाग पायी पालथी घातली. कुठलं झाड कुठे आहे, जमीन कुठे उतरते, तलाव कुठून दिसतो, हे सगळं पायांनी मोजलं.

येन्सन यांच्या अटी थोडक्यात तीन होत्या. जुना बंगला पाडायचा नाही, प्रवेश तिथूनच हवा. तिथून उत्तरेला साधारण दोनशे मीटरवर एक दालन असं हवं की ते आतल्या तलावाकडे उघडेल. आणि आणखी शंभरेक मीटर पुढे, समुद्राच्या कड्यावर, कॅफे आणि गच्ची हवी. म्हणजे घर, तलाव आणि समुद्र हे तीन बिंदू आधी ठरले, आणि ते जोडणारी वाट म्हणजे संग्रहालय. १९५८ च्या ऑगस्टमध्ये ते लोकांसाठी उघडलं. सुरुवातीला भर डॅनिश कलेवर होता, पण १९५९ मध्ये येन्सन जर्मनीत कासेलचं 'डॉक्युमेंटा' प्रदर्शन पाहून आले आणि जगभरची आधुनिक कला आणायचं ठरलं.

पुढे इमारत वाढतच गेली. १९६६ आणि १९७१ मध्ये भर पडली, १९७६ मध्ये संगीत सभागृह आलं, १९८२ मध्ये दक्षिणेकडची मोठी दालनं, आणि १९९१ मध्ये जमिनीखालचा भाग बांधून सगळं एका वर्तुळात जोडलं गेलं. तेहेतीस वर्षं बो आणि वोलर्ट याच जागेवर काम करत राहिले. म्हणूनच इतकी वाढूनही इमारत ठिगळं लावल्यासारखी वाटत नाही.

आणखी तयारी करायचीच असेल, तर संग्रहालयाचं 'लुइझियाना चॅनल' इंटरनेटवर फुकट बघता येतं. कलाकारांच्या छोट्या, मोकळ्या मुलाखती आहेत. निघायच्या आदल्या रात्री दोन-तीन पाहिल्या तरी पुरे.

दिवस कुठला, वेळ कुठली

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि घोळ बहुतेकदा इथेच होतो.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मंगळवार ते शुक्रवार सकाळी ११ ते रात्री १०, आणि शनिवार-रविवार ११ ते ६. हे वाचल्यावर बहुतेक जण शनिवार धरतात. तसं करू नका. आठवड्यातला एखादा दिवस मोकळा काढता येत असेल तर तोच काढा, आणि दुपारी एक-दोनच्या सुमाराला पोचा. तुमच्या हातात आठ तास असतात. सहल आणि शाळांच्या गटांची वर्दळ चारनंतर ओसरते. संध्याकाळी सातनंतर तर एखाद्या दालनात तुम्ही एकटेच उभे असता.

ऋतूचा हिशोबही करा. डेन्मार्क इतकं उत्तरेला आहे की जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या जरा आधी मावळतो, म्हणजे संग्रहालय बंद होईपर्यंत बागेत उजेड असतो. डिसेंबरात मात्र पावणेचारच्या आतच अंधारून येतं. बाग मनासारखी बघायची असेल तर मे ते ऑगस्ट निवडा. हिवाळ्यातच जाणं होत असेल तर क्रम उलटा करा: अकराला पोचून आधी बाग, अंधार पडल्यावर आतली दालनं. हिवाळ्याच्या संध्याकाळी काचेच्या वाटेवरून जाताना बाहेर काळोख, आत लाकडाचा उबदार रंग, आणि काचेत आपलंच चालतं प्रतिबिंब. तेही मला फार आवडतं. पण पहिल्या भेटीसाठी उन्हाळाच बरा.

निघण्यापूर्वी संकेतस्थळावर एकदा नजर टाका. प्रदर्शनं बदलत असतात, आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात मोठी दालनं बंद असू शकतात. ऑगस्टमध्ये इथे साहित्य महोत्सव भरतो. वाचकांसाठी ती पर्वणीच, पण शांतपणे इमारत बघायची असेल तर ते दिवस टाळा.

पोचायचं कसं

कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून, किंवा नोररेपोर्ट वा ओस्टरपोर्टहून, हेल्सिंगोरकडे जाणारी किनारामार्गाची गाडी पकडायची. पस्तीस-चाळीस मिनिटांत हुमलेबेक. तिथून पाट्या लावलेल्या आहेत, रस्ता सपाट आहे, टॅक्सीचा विचारसुद्धा करू नका. शनिवार-रविवारी अधूनमधून रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस येते, म्हणून निघताना 'रायसेप्लानन' या प्रवासाच्या ॲपमध्ये वेळ तपासून घ्या. 'रायसेकोर्ट' हे तिकिटाचं ॲप वापरत असाल तर चढण्याआधी नोंद करायची आणि उतरल्यावर ती बंद करायची. दुसरा अर्धा भाग लोक हमखास विसरतात.

कोपनहेगन कार्ड ('डिस्कव्हर' प्रकारचं) घेतलेलं असेल तर त्यात रेल्वेही येते आणि संग्रहालयाचा प्रवेशही. नसेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे आणि विद्यार्थ्यांना सवलत, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. रोख क्रोनर नसले तरी काही अडत नाही, सगळीकडे कार्ड चालतं.

पुष्कळ जण याच दिवसात पुढे हेल्सिंगोरला जाऊन क्रोनबोर्गचा किल्लाही 'उरकायचा' बेत करतात, कारण गाडी तीच आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्या किल्ल्याला वेगळा दिवस द्या.

कपड्यांबद्दल दोनच गोष्टी. बूट असे घाला की ओल्या गवतावर आणि उतारावर पाय घसरणार नाही. आणि भर उन्हाळ्यातही वाऱ्याला अडवेल असं एक जाकीट असू द्या. सामुद्रधुनीवरचा वारा कड्यावर चांगलाच झोंबतो. ते जाकीट लॉकरमध्ये कोंबू नका, कंबरेला बांधा. कारण तुम्हाला दिवसभर आतबाहेर करायचं आहे.

दारातून आत: डावीकडे वळा

मोठ्या पिशव्या, पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवा आणि नकाशा उचला. संग्रहालय वर्तुळाकार असल्याने कुठूनही सुरू केलं तरी परत इथेच येता. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने डावीकडे, म्हणजे उत्तरेला, १९५८ च्या जुन्या भागाकडे वळावं. गर्दी बऱ्याचदा दक्षिणेकडच्या ताज्या प्रदर्शनाकडे धावते. ते कुठे पळत नाही. येन्सन यांनी ज्या क्रमाने पाहुण्याला न्यायचं ठरवलं होतं, त्या क्रमाने आधी जा: घर, तलाव, समुद्र.

बंगल्याच्या खोल्या संपल्या की काचेची वाट सुरू होते. इथे लगेच पुढे जाऊ नका. भिंतींकडे बघा, साध्या विटांच्या आहेत आणि त्यांवर पांढरा हात दिलेला आहे. विटांचे सांधे चुन्याखालून उमटलेले दिसतात. पायाखाली तांबूस फरशी. डोक्यावर लाकूड, आणि छत बऱ्यापैकी खाली. संगमरवर नाही, खांबांची रांग नाही. एखाद्याच्या घराच्या पडवीतून चाललोय असं वाटतं, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. वोलर्ट काही काळ कॅलिफोर्नियात शिकवायला होते, तिथली लाकडाची साधी घरं त्यांनी पाहिली होती, आणि जपानी घरांचा प्रभाव तर दोघांवरही होता. आत आणि बाहेर यांच्यामध्ये काच एवढीच सीमा ठेवायची, हे त्यातूनच आलं.

मग वाटेची वळणं बघा. ती सरळ जात नाही, थोडी पुढे, मग कोनात, मग पुन्हा पुढे. जुनी झाडं जिथे होती तिथे इमारत वळली आहे. प्रत्येक वळणावर समोर एकतर चित्र येतं किंवा झाड, आणि त्या दोघांनाही तितकाच मान दिलेला आहे. मोठ्या संग्रहालयांत तिसऱ्या-चौथ्या खोलीनंतर डोळे शिणतात आणि पाय ओढायला लागतात, हा अनुभव सगळ्यांनाच असेल. इथे दर काही चित्रांनंतर हिरवळ समोर येते आणि डोळे निवतात. म्हणून वाट म्हणजे फक्त एका खोलीतून दुसरीकडे जायची सोय, असं समजून झपझप चालू नका. निम्मं संग्रहालय या वाटेतच आहे.

जाकोमेत्तीचं दालन: इथे अर्धा तास द्या

दुसरं काहीही गाळलंत तरी हे गाळू नका. कधीकधी दुसऱ्या प्रदर्शनासाठी इथली मांडणी बदलतात, म्हणून दारात एकदा विचारून घ्या.

बुटक्या छताखालून चालत तुम्ही येता आणि अचानक एका सज्जात उभे राहता. समोर दोन मजली उंच मोकळी जागा. खाली फरशीवर स्विस शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्तीच्या काटकुळ्या कांस्यमूर्ती, आणि त्यांच्यामागे जमिनीपासून छतापर्यंत काच. काचेपलीकडे हुमलेबेकचा तलाव, झुकलेल्या फांद्या, पाण्यावरचा उजेड. येन्सन यांची दुसरी अट ती हीच.

जिना उतरायची घाई करू नका. आधी वरून बघा. वरून त्या मूर्ती लहान, रस्त्यावर लांबून दिसणाऱ्या माणसांसारख्या वाटतात. मग सावकाश खाली उतरा. दर पायरीला त्या उंच होत जातात, आणि शेवटच्या पायरीवर त्यांची नजर तुमच्या नजरेला येऊन भिडते. आर्किटेक्टने जिना तिथेच का ठेवला, ते सांगायला मग कुणी लागत नाही.

खाली उतरल्यावर १९६० चा 'चालणारा माणूस' शोधा. न्यूयॉर्कमधल्या एका बँकेच्या चौकासाठी जाकोमेत्ती ज्या मूर्तींवर काम करत होता त्यांतला हा एक. चौकाचं काम तडीला गेलं नाही, मूर्ती मात्र राहिल्या. अगदी जवळ जा, पण हात लावू नका. कांस्याचा पृष्ठभाग बघा. मातीला अंगठ्याने दाबून, नखाने ओरबाडून, पुन्हा लिंपून सोडलेली सगळी खूण धातूत तशीच उतरली आहे. छातीवर, मांड्यांवर एक इंचभर जागा गुळगुळीत नाही. पाय मात्र जड, मोठे, जमिनीत रुतल्यासारखे. आता चार-पाच पावलं मागे या. तो सगळा खडबडीतपणा विरून जातो आणि उरतो पुढे झुकलेला एक माणूस, ज्याची कड मागच्या पाण्याच्या उजेडात जरा थरथरल्यासारखी दिसते. मग एका बाजूला व्हा. बाजूने चेहरा इतका चपटा आहे की जवळजवळ नाहीसाच होतो.

मी तिथे एकदा पाऊस पडत असताना होते. तलावावर थेंबांची जाळी पडली होती आणि आत ती माणसं त्याच पावसातून येत असल्यासारखी वाटत होती. दुसऱ्यांदा कडक ऊन होतं, तेव्हा त्या नुसत्या काळ्या रेघा झाल्या. म्हणून सांगते, दुपारी हे दालन पाहिलंत तरी संध्याकाळी जाताना पाच मिनिटं पुन्हा या.

आता बाहेर: कॅफे, गच्ची आणि बाग

इथून पुढची दालनं सावकाश करत कड्यावरच्या कॅफेपर्यंत या. बहुतेकांची भूक इथे जागी होते, आणि येन्सन यांनी नेमकं तेच धरलं होतं. शेवटच्या टोकाला खाणं, शेकोटी आणि समुद्र. दुपारी साडेबारा ते दोन रांग लागते, त्याआधी किंवा नंतर जा. जवळच असलेल्या संगीत सभागृहात डोकावता आलं तर खुर्च्या नक्की बघा. पाउल क्येरहोल्म यांनी त्या याच सभागृहासाठी केल्या, आणि लाकडाच्या पातळ पट्ट्या टोपलीसारख्या विणून त्यांची पाठ-बैठक बनवली आहे.

कॅफेबाहेरच्या गच्चीवर अलेक्झांडर काल्डरची रंगवलेल्या धातूची शिल्पं आहेत. त्यातलं 'लिटल जेनी-वेनी' ओळखणं सोपं: खाली भक्कम पाय, वर वाऱ्याने फिरणारे रंगीत पत्रे. इथे बसा आणि घड्याळ न बघता वारा येईपर्यंत थांबा. आधी एकच पत्रा हलतो, तो थांबता थांबता दुसऱ्याला ढकलतो, आणि सगळी रचना आळस दिल्यासारखी वळते. मागे तेवढ्यात एखादं जहाज सरकत असतं. फोटोत हे शिल्प फारच साधं दिसतं, कारण फोटोत ते थांबलेलं असतं.

मग बाग. नकाशा घडी करून ठेवून दिलात तरी चालेल, पण दोन-तीन ठिकाणं चुकवू नका.

हिरवळीच्या कडेला हेन्री मूरची दोन तुकड्यांत विभागलेली पहुडलेली आकृती आहे. बहुतेक लोक हिरवळीच्या बाजूने समुद्राकडे तोंड करून तिचा फोटो घेतात आणि जातात. तिच्याभोवती पूर्ण फेरी मारा. एका जागी दोन तुकडे जुळून एक बाई दिसते, चार पावलांनी त्यांच्यामध्ये फट पडते आणि त्या फटीत ओरेसुंड मावतो. आणखी पुढे गेलं की ते नुसते दोन खडक. ही मूर्ती तिथे कड्यावर का ठेवली, हे त्या फटीतून एकदा पाहिलं की उमगतं.

दुसरं ठिकाण शोधावं लागतं, आणि शोधण्यात मजा आहे. झाडीत उतरणाऱ्या एका घळीत रिचर्ड सेराने १९८३ ते १९८६ या काळात पोलादाच्या प्रचंड पत्र्यांचं शिल्प उभं केलं, 'घळीतलं दार'. गंजाचा रंग चढलेले ते पत्रे वरून नुसती भिंत वाटतात. पायवाटेने खाली त्यांच्यामधून जायचं असतं. आत शिरल्यावर आवाज बदलतो, हवा गार लागते, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या उभ्या पट्टीत समुद्र दिसतो. त्या घळीत झाडं, माती आणि पोलाद यांना वेगळं काढताच येत नाही. तिथून जवळच जॉर्ज ट्राकसने उतारावरून पाण्याकडे नेणारी लाकूड-पोलादाची वाट केली आहे. ती वाटही शिल्पच आहे, आणि ते बघायचं असतं पायांनी.

बागेत बसा. गवतावर बसायला इथे कुणी हटकत नाही. माझा नेम असा: तासभर आत, मग वीस मिनिटं बाहेर. हा नेम पाळला तर सहा तासांनंतरही डोकं ताजं राहतं. शिल्पांवर मात्र मुलांना चढू देऊ नका, आणि तुम्हीही टेकून उभे राहू नका. घामाचा हात धातूवर डाग सोडतो.

दक्षिणेकडची दालनं आणि न कळणारी चित्रं

१९८२ ची ही दालनं मोठी आहेत, उजेड वरून येतो, आणि बदलती प्रदर्शनं बऱ्याचदा इथेच भरतात. इथे तुम्हाला कधीच न ऐकलेली नावं भेटतील, आणि त्यामागे एक विचार आहे. येन्सन त्याला सॉनाचं तत्त्व म्हणत. माणूस सॉनाच्या गरम खोलीत आपणहून शिरतो आणि मग गार पाण्यातही उडी घेतो. तसं एका बाजूला पिकासोसारखी सगळ्यांना खेचणारी नावं ठेवायची, म्हणजे आलेला माणूस शेजारचं अनोळखी कामही बघून जाईल. तेव्हा तुम्ही ज्या नावासाठी आलात त्याच्या शेजारच्या खोलीत जरूर जा. मला आस्गर योर्नची खदखदणारी, रंगांनी भांडणारी चित्रं अशीच वाट वाकडी करून सापडली.

अमूर्त चित्रासमोर 'यात काय आहे' हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. त्यासाठी माझी एक साधी रीत आहे. दालनात शिरल्यावर सगळ्यांवरून एक नजर फिरवा आणि एकच चित्र निवडा, आवडलेलं किंवा अगदी नावडलेलं. पाटी वाचू नका. लांबून बघा: नजर आधी कुठे गेली, मग कुठे सरकली? जवळ जा: रंग जाड आहे की पातळ, ब्रश की सुरी, कुठे खरवडून काढलंय, कुठे कॅनव्हास कोरा राहिलाय? पुन्हा लांब. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात, आणि ती सुरुवातीला फार लांबलचक वाटतात. मग पाटी वाचा, त्या डॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत असतात. नाव आणि साल कळल्यावर चित्र बदलतं का बघा. एका दालनात असं एक चित्र केलं आणि बाकीची नुसती नजरेखालून घातली तरी दिवसभरात आठ-दहा चित्रं तुमची होतात. बाकीच्यांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

यायोई कुसामा या जपानी कलावतीची आरशांची खोली लोकांची लाडकी आहे. चारेक मीटरची चौकोनी खोली, भिंती आणि छत आरशांचे, खाली पाणी, मधल्या छोट्या ओट्यावर तुम्ही, आणि सभोवती लटकलेले रंग बदलणारे दिवे. दार बंद झालं की खोलीला शेवटच राहत नाही. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून रांग असते. ती संध्याकाळी ओसरते. आत मिळणारा वेळ फार थोडा, तेव्हा फोन खिशात ठेवा. पाणी आहे, ओट्याच्या कडेला पाय सांभाळा. कोंडल्या जागेची भीती असेल तर ही खोली सोडून द्या.

मुलं, वयस्कर मंडळी, फोटो

मुलांसाठी १९९४ पासून वेगळं तीन मजली घर आहे. रंग, माती, कागद, सगळं मांडलेलं असतं आणि मोठ्यांनीही हात घालायचा असतो. मुलांना आधी जाकोमेत्तीकडे न्या, मग इथे आणा. त्या काटकुळ्या माणसांनंतर मुलं माती वेगळ्याच प्रकारे दाबतात.

गुडघे दुखणाऱ्यांना आतली वाट सोपी जाईल, बाकं जागोजागी आहेत. बागेतले उतार आणि घळीकडच्या पायऱ्या मात्र चढउताराच्या आहेत, पावसानंतर निसरड्याही. अशा वेळी कड्यावरची हिरवळ आणि काल्डरची गच्ची एवढंच केलं तरी समुद्र, शिल्पं आणि वारा तिन्ही मिळतात. दालनांत कुठे उतरावं लागेल आणि लिफ्ट कुठे आहे, हे दारातच विचारून घ्या.

फोटो स्वतःसाठी काढायला हरकत नसते, फ्लॅश मात्र नाही. एखाद्या प्रदर्शनात मनाई असेल तर तशी पाटी असते. मी हल्ली कलाकृतीचा फोटो काढतच नाही. तिच्यासमोर उभं राहिल्यावर उजवीकडे खिडकीतून काय दिसत होतं, त्याचा काढते. घरी आल्यावर त्या झाडावरून चित्र आठवतं.

संध्याकाळ

सात वाजले की पुस्तकांचं आणि वस्तूंचं दुकान करून घ्या, नाहीतर शेवटच्या अर्ध्या तासात सगळी मंडळी तिथेच जमते. मग सामान लॉकरमध्येच राहू द्या आणि एक शेवटची फेरी मारा, या वेळी काही न बघण्यासाठी. बंगला, काचेची वाट, तलावाचं दालन, कडा. दुपारी जी काच आरपार दिसत होती तीच आता अर्धी आरसा झालेली असते. चित्रं बाहेरच्या झाडांत जाऊन बसतात आणि झाडं भिंतीवर येतात.

उन्हाळ्यात नऊनंतर कड्यावर या. स्वीडनच्या बाजूचे दिवे एकेक लागत असतात, पाणी आभाळापेक्षा उजळ दिसतं, आणि मूरची ती आकृती आता पूर्ण काळी, दोन तुकडे एकमेकांत मिसळलेले. स्टेशनला पोचायला बारा मिनिटं धरा. गाड्या रात्रीही असतात, पण दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. म्हणून गाडीची वेळ आधीच बघून ठेवा, आणि तिच्या हिशोबाने जितकं थांबता येईल तितकं थांबा.